लहान कोई मोठा झाल्यावर कसा दिसेल, हे आज कशावरून ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुकानातून सहा कोई, म्हणजे तळ्यात पाळायचे जपानी रंगीत मासे, आणलेत, सगळे 10 ते 13 सेंटिमीटरचे. तळं आठ हजार लिटरचं, म्हणजे मोठे झाल्यावर त्यात तीनच सुखाने राहतील. पहिला पांढरा, त्यावर गडद लाल पट्टे, कडा सुरीने कापल्यासारख्या. दुसरा पांढरा-शेंदरी, कडा जरा पुसट. तिसरा पांढरा, पाठीवर थोडं शेंदरी आणि मळल्यासारखे निळसर डाग, कडेला थोडे भरीव. चौथा जवळपास काळा, मधूनमधून केशरी-पांढरं. पाचवा सोनेरी-पिवळा, चमकणारा. सहावा राखाडी, जाळीदार. यातले कोणते ठेवू, मोठेपणी ते कसे दिसतील आणि लाल गडद व्हायला काय खायला घालू?

पहिला ठेवायचा आणि तिसरा कुणाला तरी देऊन टाकायचा, असं तुमच्या मनात आहे. मी नेमकं उलटं सांगणार आहे. 14 वर्षं नाशिकला 22 हजार लिटरच्या तळ्यात कोई पाळतोय, आणि तुमचा हा विचार मीही एकदा केला होता. त्याची किंमत काय पडली ते पुढे सांगतो.

सुरुवात खवल्यांपासून करू, कारण एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की निम्मा अंदाज आपोआप येतो. कोई म्हणजे मुळात कार्प. त्याच्या अंगावर बाजूने जी बारीक रेघ जाते, तिच्यावर साधारण 35 ते 39 खवले असतात. पिल्लू दोन-तीन सेंटिमीटरचं होईपर्यंत अंगावर खवले बसून जातात आणि त्यांची संख्या ठरते. पुढे मासा वाढतो तेव्हा खवले वाढत नाहीत, एकेक खवला मोठा होतो. म्हणजे तुमच्या पहिल्या माशाच्या दोन लाल पट्ट्यांमध्ये आज तीन खवल्यांचं पांढरं अंतर असेल, तर मासा 60 सेंटिमीटरचा झाल्यावरही ते तीनच खवल्यांचं राहील. फक्त आज जे चार-पाच मिलिमीटर दिसतंय ते तेव्हा दोन-अडीच सेंटिमीटर दिसेल. म्हणून लहानपणी नक्षी थोडी दाटीवाटीची वाटली तरी चालते, मोठेपणी ती मोकळी होते. आणि आजच जी नक्षी सुटसुटीत, नेटकी वाटते ती पुढे बऱ्याचदा रिकामी दिसते.

त्यात भर म्हणजे लाल खवला पांढरा होऊ शकतो, पण पांढरा खवला नंतर लाल झाला असं क्वचितच घडतं. लाल ही पेन्शनराची पुंजी आहे. नवी भर पडत नाही, आहे ती जपायची. डोक्यावरचा लाल तर वयाबरोबर नाकाकडून मागे सरकतो. म्हणून या वयात तो डोळ्यांच्या थोडा पुढे आलेला असेल तर काळजी करू नका. डोळ्यांच्या मागेच संपत असेल तर मात्र पुढे टक्कल पडण्याची शक्यता जास्त.

आता मासे बघायचे कसे, ते. काचेतून, बाजूने बघून काही कळत नाही. कोई वरूनच बघायचा असतो, जपानमध्येही तो वरूनच बघतात आणि वरूनच निवडतात. एक निळा टब घ्या, त्यात वीतभर तळ्याचंच पाणी घाला आणि एका वेळी एकच मासा सोडा. सकाळी नऊ-दहाचं उजेडाचं पण सावलीतलं ठिकाण हवं. भर उन्हात सगळेच मासे सुंदर दिसतात, आणि ट्यूबलाइटखाली सगळेच आजारी.

लाल-काळ्याकडे नजर जायच्या आत पांढरं बघा. नवशिका माणूस पांढऱ्याकडे बघतच नाही, कारण ते त्याला रिकामी जागा वाटते. पण सगळं त्याच्यावरच उभं असतं. डोक्याच्या लगेच मागे, खांद्यावर बघा, आणि मग शेपटीच्या मुळाशी बघा. नुकतं सोललेलं उकडलेलं अंडं दिसतं तसं दाट, किंचित ओलसर चमक असलेलं पांढरं हवं. वापरून वापरून पिवळ्या पडलेल्या शर्टाच्या कॉलरसारखं असेल तर ती कातडी पुढेही फारशी सुधारत नाही, आणि तिच्यावरचा लालही टिकाऊ निघत नाही. डोकं मात्र या वयात थोडं पिवळट असलं तरी माफ आहे. तिथे खवले नसतात, कातडी पातळ असते. विशेषतः काळा-पांढरा शिरो उत्सुरी आणि तिरंगी शोवा यांच्या पिल्लांची डोकी पिवळट असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी स्वच्छ होतात.

तुमचा पहिला आणि दुसरा मासा वर्णनावरून कोहाकू आहेत, म्हणजे पांढऱ्यावर लाल. लालाचे ढोबळमानाने दोन स्वभाव असतात. एक शेंदराकडे झुकणारा, एक डाळिंबाकडे झुकणारा. डाळिंबी लाल चटकन उडत नाही, पण पुढे तो करडा, जड दिसत जातो, त्याला तजेला नसतो. शेंदरी लाल हा नाजूक, ऊन-पाण्याचे नखरे करणारा, पण जमला तर त्याच्यासारखा दुसरा नाही. चांगले जपानी पैदासकार पिल्लात शेंदरी तळ शोधतात तो यासाठी. दहा-बारा सेंटिमीटरच्या पिल्लाचा लाल गडद कुंकवासारखा असेल तर माझ्या मनात पहिली शंका येते की याचं जे व्हायचं ते होऊन गेलंय.

कडांचंही तसंच. लाल पट्ट्याची डोक्याकडची कड नेहमी थोडी पुसट असते, कारण तिथे लाल खवल्यावर पुढच्या पांढऱ्या खवल्याची झाक पडते. या पुसट पट्टीला जपानीत साशी म्हणतात. शेपटीकडच्या कडेला म्हणतात किवा, आणि तिथे लाल खवला पांढऱ्याच्या वर असल्यामुळे ती कड स्पष्ट दिसायला हवी. पूर्ण वाढलेल्या माशात साशी जवळपास नाहीशी झालेली असते, कारण तोवर लाल जाड होऊन कातडी भरलेली असते. पिल्लात मात्र साशी हवी. तिचा अर्थ असा की लालाला अजून भरायला जागा आहे. पिल्लाच्या दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या असतील तर दुकानात तो मासा सगळ्यात आधी विकला जातो, आणि तीन वर्षांनी सगळ्यात आधी निराशा करतो.

लालाची जाडी तपासायची एक साधी रीत आहे. टबात मासा स्थिर झाला की पट्ट्याच्या मधोमध नजर लावा. प्रत्येक खवल्याची कड सुटी सुटी दिसते का? लालाखालून जाळी डोकावते का? तसं असेल तर लाल पातळ आहे. सगळीकडे सारखाच पातळ असेल तर अजून भरू शकतो. पण पट्ट्यात एखादा खवला पूर्ण पांढरा असेल, भिंतीत खिडकी असावी तसा, तर त्या खिडक्या पुढे वाढतात. आणि मुख्य पट्ट्यांपासून लांब, पोटाजवळ किंवा कल्ल्यामागे उडालेले फिकट केशरी ठिपके असतील तर ते मोजूच नका. बहुतेक वर्ष-दोन वर्षांत जातात, आणि गेले तर बरंच.

यात नर-मादीचाही भाग आहे. नर लवकर रंगतात, मादीचा रंग उशिरा भरतो. मादी अंगाने मोठी होते आणि तिला रंग पुरवून पुरवून वापरावा लागतो, असं मी गमतीने म्हणतो. या वयात नर-मादी खात्रीने ओळखता येत नाही. पण एकाच वयाच्या दोन पिल्लांत लहान, सडपातळ पिल्लू जास्त गडद रंगलेलं असेल आणि दांडगं पिल्लू शेंदरी-फिकट असेल, तर मी दांडगं उचलतो.

आता काळ्याबद्दल. तुमचा तिसरा आणि चौथा मासा यातच मोडतात, आणि चुकाही इथेच सगळ्यात जास्त होतात. काळ्याला जपानीत सुमी म्हणतात. सुमी म्हणजे शाई, आणि हा शब्द नुसता रंगाचं नाव नाही, तो कसा वागतो तेही सांगतो. लाल पिल्लात दिसतो आणि कमी होत जातो. शाई खालून वर येते. पातळ कागदाच्या मागच्या बाजूला शाई सांडली तर पुढून आधी निळसर, राखाडी सावली दिसते आणि मग हळूहळू डाग गडद होतो, अगदी तसं. कातडीच्या खोल थरात काळं असतं तेव्हा वरून ते निळसर, मळकट दिसतं, हिवाळ्याच्या सकाळी ओल्या पाटीवर दिसतं तसं. ती सावली म्हणजे पुढे येणारा काळा. उलट पिल्लाच्या अंगावर आज वरवर दिसणारे तपकिरी काळे ठिपके, मिरपूड भुरभुरावी तसे, हे बहुतेक टिकत नाहीत. टिकलेच तर मिरपूडच राहतात.

सान्के आणि शोवा दोघेही तिरंगी, पण त्यांची वाट उलट दिशांनी जाते. सान्के म्हणजे कोहाकूवर काळ्याचे शिंतोडे. तो पांढऱ्यापासून सुरू होतो. त्याचं काळं पाठीवर असतं, डोक्यावर नसतं, आणि बाजूच्या रेघेखाली फारसं उतरत नाही. छातीच्या परांवर बारीक काळ्या रेघा असल्या तर काळं टिकेल असं सहसा धरतात. रेघा फार जास्त असतील तर पुढे काळं अंगावर अति होईल, हीदेखील शक्यता धरतात. शोवा काळ्यापासून सुरू होतो. पैदासकार शोवाची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर काही दिवसांतच बघतात आणि काळी तेवढी ठेवतात. कोहाकूच्या पिल्लांची पहिली छाननी महिना-दीड महिन्यांनी होते, शोवाची त्याच्या कितीतरी आधी. पुढे त्या काळ्यातून पांढरं आणि लाल बाहेर येतं, काळं मागे हटतं, कधी कधी इतकं की मासा धुऊन निघाल्यासारखा वाटतो, आणि मग दुसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दरम्यान ते परत वर येतं. शोवाचं काळं पोटाकडून वर चढतं, डोक्यावरही येतं. छातीच्या परांच्या बुडाशी काळा गोळा असतो. पिल्लात तो अख्खा पर काळा दिसतो, वयाबरोबर आक्रसून बुडाशी बसतो.

या सगळ्याला वेळ किती? साधारण कोहाकू तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळतो. सान्के-शोवाला त्याहून जास्त. मात्सुनोसुके या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी सान्के वंशात तर पहिल्या वर्षी काळं जवळपास दिसतच नाही, नुसती निळी सावली असते. ही जात ज्यांना माहीत नसते ते असा मासा कोहाकू समजून, तोही मळका कोहाकू समजून, स्वस्तात काढून टाकतात.

म्हणजे मी. 2015 च्या दिवाळीत तळ्यात गर्दी झाली म्हणून चार मासे मित्राला सिन्नरला दिले. त्यात 17-18 सेंटिमीटरचा एक होता, पांढरा, पाठीवर दोन शेंदरी ठिगळं आणि मानेपासून शेपटीपर्यंत चार-पाच निळसर डाग. बायको म्हणायची, हा मासा सारखा चिखलातून आल्यासारखा का दिसतो. मलाही तसंच वाटायचं. त्याच्या जागी मी एक लालभडक कोहाकू ठेवला, नक्षी अशी की फोटो काढून कॅलेंडरवर लावावी. दोन वर्षांनी जानेवारीत मित्राकडे गेलो. त्याचं तळं उघड्यावर, विहिरीचं पाणी, सकाळी हात घालवत नव्हता इतकं गार. त्यात तो मासा फिरत होता. निळ्या डागांच्या जागी काळं, नव्या पाटीवर पाणी मारावं तसं चमकणारं, कडा स्वच्छ, आणि शेंदरी ठिगळं भरून जाड झालेली. मी ओळखलाच नाही. मित्रानेच सांगितलं, हा तुझाच. परत माग म्हणून धीर झाला नाही. इकडे माझ्या कॅलेंडरवाल्या कोहाकूच्या पाठीवरचा मधला पट्टा तिसऱ्या उन्हाळ्यात खवल्या-खवल्याने गळायला लागला होता. आज तो पांढरा मासा आहे, कपाळावर एक लाल टिकली, तीही वाकडी.

तुमच्या तिसऱ्या माशाची कथा हीच होईल अशी हमी मी देत नाही. पण डाग निळसर आहेत, पाठीवर आहेत आणि कडेला थोडे भरीव आहेत असं तुम्ही लिहिलंय. एक गोष्ट तपासा. हिवाळ्यात पाणी गार झाल्यावर डाग गडद होतात का? गार पाण्यात काळं वर येतं, गरम पाण्यात लपतं. माझ्याकडे डिसेंबर-जानेवारीत शोवा उठून दिसतात आणि मे महिन्यात तेच मासे राखाडी होतात. दोन हिवाळ्यांत डाग प्रत्येक वेळी आधीपेक्षा गडद झाले तर निश्चिंत व्हा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. पाचवा, सोनेरी-पिवळा, हा यामाबुकी असणार. एकरंगी चमकदार माशांत आज दिसतं तेच पुढे दिसतं, चमक वाढते इतकंच. बघायचं ते डोकं. त्यावर धुराचा डाग नको, स्वच्छ हवं, आणि चमक खांद्यावरून शेपटीपर्यंत सारखी हवी. गरम पाण्यात या माशांची डोकी काळपटतात, हिवाळ्यात पुन्हा उजळतात. सहावा राखाडी जाळीदार म्हणजे दोनपैकी एक. गालांवर, पोटाच्या कडेला किंवा परांच्या बुडाशी केशरी दिसत असेल तर आसागी. आसागीच्या जाळीचा निळा रंग वयाबरोबर गडद होतो आणि बाजूचं केशरी वर चढत जातं, म्हणून पिल्लात केशरी कमीच बरं. केशरी कुठेच नसेल आणि राखाडीत हिरवट-तपकिरी झाक असेल तर चागोई. चागोई म्हणजे चहाच्या रंगाचा. तो पुढे तपकिरी होईल, सगळ्यांपेक्षा वेगाने वाढेल आणि हातावरचं खाणं घ्यायला पहिला येईल. रंगासाठी चागोई कुणी ठेवत नाही. पण तो एकदा हातावर यायला लागला की त्याच्या मागे बाकीचेही येतात.

काही जातींच्या बाबतीत अंदाज बांधण्याच्या भानगडीत मी पडतच नाही. कुमोनरयू हा काळा-पांढरा, अंगभर खवले नसलेला मासा ऋतूप्रमाणे रंग बदलतो. एका वर्षी पांढरा, एका वर्षी काळा. तो विकणारा जे सांगेल ते खरंच असतं, फक्त त्या दिवसापुरतं.

आता तुमचं पाणी, कारण मासा निम्मा जन्माने ठरतो आणि निम्मा तळ्याने. बोअरचं पाणी आपल्याकडच्या काळ्या खडकातून येतं, बहुतेक ठिकाणी जड असतं. जड पाण्यात काळं चांगलं बसतं, पण कोहाकूच्या लाल-पांढऱ्यावर सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके यायला लागतात, त्यांना शिमी म्हणतात. मऊ पाण्यात लाल खुलतो, काळं रेंगाळतं. नाशिकला महापालिकेचं पाणी गंगापूर धरणाचं येतं आणि माझ्या कोहाकूंना ते मानवतं, पण क्लोरीन काढल्याशिवाय एक बादलीही घालू नका. दोन्ही मिसळून एकसारखं ठेवणं उत्तम, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाण्याने आज एक, उद्या एक असं करू नये. पावसाळ्यात संततधारेने तळ्यातली क्षारता घसरते. तेव्हा आठवड्यातून एकदा केएच, म्हणजे पाण्याचा कार्बोनेट जडपणा, तपासा, नुसत्या टीडीएस मीटरवर विसंबू नका.

एप्रिल-मे हा आपला खरा शत्रू आहे. जपानच्या निगातात, कोईच्या माहेरी, हिवाळ्यात बर्फ पडतं, मासे चार-पाच महिने जवळपास वाढत नाहीत, कातडीला उसंत मिळते. तिथले पैदासकार उन्हाळ्यात मासे मातीच्या तळ्यात सोडतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास बर्फाआधी बाहेर काढतात. आपल्याकडे मासा बारा महिने वाढतो. म्हणून जपानी पुस्तकांतली वर्षं आपल्याकडे जशीच्या तशी लागू होत नाहीत: तिथला दोन वर्षांचा मासा आणि आपल्याकडचा त्याच आकाराचा एक वर्षाचा मासा, यांत आपल्याकडच्याचा रंग मागे असतो. त्यावरून मासा बाद ठरवू नका. उन्हाळ्यात 75 टक्के शेडनेट लावा, तळ्याची खोली किमान चार-साडेचार फूट ठेवा, हवेचा पंप रात्रीही चालू ठेवा.

टबात घातल्यावर मासा फिका पडला म्हणून घाबरून जाऊ नका. तळ पांढरा असेल तर कोई स्वतःला फिका करतो, काळा असेल तर गडद करतो. वीस मिनिटांत फरक दिसतो. पकडल्याच्या धास्तीनेही रंग उतरतो. म्हणूनच मी टब निळा सांगितला, आणि फोटो नेहमी त्याच टबात काढा म्हणतो. तळ्याचा अस्तर काळा किंवा गडद असेल तर रंग दिसायला चांगले, पण तो आभास आहे. खरी परीक्षा निळ्या टबातच.

खाण्याबद्दल. लाल आणि पिवळा देणारे कॅरोटिनॉइड मासा स्वतः तयार करू शकत नाही, ते खाण्यातूनच यावे लागतात. स्पिरुलिना या शेवाळात झीॲझँथिन नावाचं कॅरोटिनॉइड असतं, त्याचं रूपांतर कार्प आपल्या शरीरात ॲस्टॅझँथिन या लाल रंगद्रव्यात करतो. क्रिल या कोळंबीसारख्या बारीक समुद्री जीवात ॲस्टॅझँथिन थेट मिळतं. पण हे इंधन आहे, रंगाचा डबा नाही. लाल पेशी जिथे आहेत तिथेच ते काम करतं. जास्त झालं की पांढरं आधी पिवळट आणि मग गुलाबी दिसायला लागतं, आणि एकदा पांढरं गेलं की वर म्हटलं तसं सगळंच गेलं. माझा शिरस्ता असा: पिल्लांना पहिलं वर्षभर रंगाचं खाणं नाही. चांगल्या प्रथिनांचं साधं खाणं, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. दुसऱ्या वर्षापासून पावसाळा संपल्यावर सहा ते आठ आठवडे स्पिरुलिनावालं, तेही साध्या खाण्यात तीनास एक मिसळून. मे महिन्यात अजिबात नाही.

एक शंका तुमच्या पहिल्या माशाबद्दल मनात आहे. इतक्या लहान वयात इतका गडद लाल कधी कधी दुकानात येण्याआधी दिलेल्या हार्मोनमुळेही दिसतो. शोभेच्या माशांच्या धंद्यात हे चालतं. तुमच्या माशाला ते दिलंय असं मी म्हणत नाही. आणल्यापासून दोन-तीन महिन्यांत साध्या खाण्यावर लाल झपाट्याने फिका पडला आणि अंगही वाढलं नाही, तर समजा.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. पैदासकाराला ज्या पिल्लात खरा भरवसा वाटतो, ज्याला ते तातेगोई म्हणतात, ते त्याने स्वतःच्या तळ्यात आणखी एक उन्हाळा ठेवलेलं असतं. दुकानात आलेलं पिल्लू कुणीतरी, कुठेतरी, एकदा तरी नाकारलेलं असतं. एक मादी लाखोंनी अंडी घालते आणि त्यातून मोजकी पिल्लं ठेवली जातात. 2018 मध्ये हिरोशिमाचा एक कोहाकू 20 कोटी 30 लाख येनला विकला गेला, पण ती किंमत तयार झालेल्या माशाची होती. तुमच्या सहाशे-आठशेच्या पिल्लात आपण नाकारणाऱ्याची चूक शोधतोय. ती शाईच्या बाबतीत सगळ्यात जास्त होते, कारण शाई तेव्हा दिसतच नसते.

तर माझं मत असं. तिसरा ठेवा, निःसंशय. दुसरा ठेवा, पण पांढरं दाट असेल तरच. खांद्यावर पिवळट असेल तर त्याच्या जागी यामाबुकी. तिसरी जागा चौथ्याला द्या, शोवा आहे की नाही हे परांच्या बुडावरून आधी बघून. परात काळं अजिबात नसेल आणि काळं नुसतं पाठीवरच असेल तर ते केशरी-काळं मिश्र पिल्लू असू शकतं, ते मोठेपणी मातकट होतं. मग तीही जागा यामाबुकीला किंवा चागोईला.

घाई नको. पिल्लं लहान आहेत तोवर आठ हजार लिटरमध्ये सहाही आणखी आठ-दहा महिने आरामात राहतील. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच टबात, त्याच वेळी, वरून एकेक फोटो काढा आणि फोटोत डोक्याच्या मागून लाल किती खवल्यांवर सुरू होतो ते मोजून लिहून ठेवा. पुढच्या जानेवारीत सहा जणांचे फोटो शेजारी शेजारी लावा, निम्मे निर्णय आपोआप होतील.

जे द्यायचे ते ओळखीत द्या, नदीत किंवा धरणात सोडू नका. कार्प तळ ढवळतो, पाणी गढूळ करतो, तिथल्या माशांची अंडी खातो, आणि तुमच्या तळ्यातला आजारही सोबत नेतो. गोदावरीत आधीच पुष्कळ कार्प आहेत.

आणि एवढं सगळं वाचूनही तो निळ्या डागांचा तिसरा तुम्हाला मळकाच वाटत असेल, तर दुसऱ्या कुणाला विचारायच्या आधी मला विचारा. पिशवी आणि ऑक्सिजन घेऊन मी येतो.